जुन्या युद्धनौकेचा इतिहास कसा वाचावा: एचएमएस कॅनोपसचा पायरीपायरीने अभ्यास

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. जहाजाचं मात्र मूळही शोधावं लागतं आणि कूळही, नाहीतर त्याचा इतिहास कळत नाही.

जुन्या युद्धनौकांची माहिती काढायला बसलं की आधी हाती लागतो तो एक तक्ता: लांबी, रुंदी, वजन, तोफा, चिलखत, वेग. मी कितीतरी वर्षं असे तक्ते वहीत उतरवून घेत होतो. दोन जहाजांची तुलना करायची म्हणजे दोन तक्ते शेजारी ठेवायचे, अशीच माझी समजूत होती. ती समजूत एचएमएस कॅनोपस या ब्रिटिश युद्धनौकेने मोडली. तिच्या तक्त्यात वेग आहे १८ नॉट. १९१४ च्या ऑक्टोबरमध्ये तिच्या अ‍ॅडमिरलला तिचा वेग सांगितला गेला १२ नॉट. आणि त्यानंतर काही दिवसांतच ती १६ नॉटच्या वर धावू शकते हे तिच्याच इंजिनखोलीत उघड झालं. या तीन आकड्यांमधल्या फरकाचा सुमारे १,६०० माणसांच्या मृत्यूशी संबंध आहे. म्हणून हा लेख जहाजाचा तक्ता पाठ करायला शिकवत नाही, तक्त्याला प्रश्न विचारायला शिकवतो.

साहित्य फार लागत नाही. एक वही, कॅल्क्युलेटर, जाड दोरा आणि शाळेतला चांगला नकाशासंग्रह. संगणकावरचा नकाशा वापरणार असाल तर मोजपट्टीचं एकक सागरी मैल करून घ्या (१ सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर). नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, त्यामुळे अंतर भागिले वेग केलं की थेट तास मिळतात.

एक शब्द आधीच समजून घेऊ. १९०६ मध्ये ब्रिटनची ड्रेडनॉट ही युद्धनौका आली. दहा मोठ्या तोफा, टर्बाइन इंजिनं, २१ नॉट वेग. तिच्यामुळे आधीच्या सगळ्या युद्धनौका एका दिवसात म्हाताऱ्या झाल्या आणि त्यांना प्री-ड्रेडनॉट हे नाव चिकटलं. साधारणपणे चार मोठ्या तोफा, पुढे दोन आणि मागे दोन, बाजूंना मध्यम तोफांची रांग, वाफेची दट्ट्याची इंजिनं आणि कोळसा, अशी त्यांची ठेवण. कॅनोपस याच पिढीतली.

पायरी १: जहाज कोणत्या समुद्रासाठी बांधलं ते आधी विचारा

तोफा आणि चिलखत बघण्याआधी हा प्रश्न विचारला की पुढचे निम्मे आकडे आपोआप उलगडतात.

१८९४-९५ च्या युद्धात जपानने चीनला हरवलं. त्याच सुमाराला जपानसाठी फुजी आणि याशिमा या नव्या युद्धनौका ब्रिटनच्याच गोद्यांत बांधल्या जात होत्या. ब्रिटिश नौदलाला पूर्वेच्या समुद्रात, म्हणजे त्यांच्या भाषेत चायना स्टेशनवर, पाठवता येतील अशा युद्धनौका हव्या होत्या. सर विल्यम व्हाइट तेव्हा नौदलाचे मुख्य रचनाकार होते. त्यांच्यापुढची अट अशी: सुएझ कालव्यातून जाईल इतकं जहाज हलकं आणि उथळ हवं, आधीच्या मॅजेस्टिक वर्गापेक्षा (वर्ग म्हणजे एकाच आराखड्याच्या जहाजांचा गट) वेगवान हवं, आणि तोफा मात्र कमी व्हायला नकोत.

कॅनोपसचा कणा ४ जानेवारी १८९७ रोजी पोर्ट्समथच्या गोदीत घातला गेला, त्याच वर्षी ऑक्टोबरात ती पाण्यात उतरली आणि डिसेंबर १८९९ मध्ये नौदलात दाखल झाली. तिच्या वर्गात सहा बहिणी: कॅनोपस, ग्लोरी, अल्बियन, ओशन, गोलायथ आणि व्हेंजन्स.

नावाबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण ते मला फार आवडतं. १७९८ मध्ये नेल्सनने इजिप्तच्या किनाऱ्यावर फ्रेंच आरमाराचा पराभव केला, तेव्हा पकडलेल्या फ्रँकलिन या जहाजाचं नाव बदलून कॅनोपस ठेवलं गेलं. कॅनोपस हे त्या किनाऱ्यावरचं प्राचीन गाव. आकाशातल्या एका ताऱ्याचंही हेच नाव आहे, आणि तो तारा म्हणजे आपला अगस्त्य. जानेवारी-फेब्रुवारीच्या संध्याकाळी व्याधाच्या खाली, दक्षिण क्षितिजाजवळ तो महाराष्ट्रातूनही दिसतो. समुद्र पिऊन टाकणाऱ्या ऋषीच्या ताऱ्याचं नाव मिरवणारी ही नौका, आणि तिच्या एका बहिणीचं नाव ओशन!

आता या पायरीचा खरा उपयोग. वहीत लिहा: जहाज कशासाठी बांधलं? आणि त्याखाली: ते काम त्याने केलं का? कॅनोपसच्या बाबतीत उत्तर आहे, नाही. १९०५ मध्ये तिला चायना स्टेशनकडे पाठवलं खरं, पण ती कोलंबोपर्यंत पोचली तेव्हा ब्रिटन-जपान मैत्रीच्या कराराचं नूतनीकरण होत होतं. ज्या जपानच्या धास्तीने ती बांधली होती तोच आता दोस्त. तिला कोलंबोहूनच परत बोलावलं. यापुढे तिचं सगळं आयुष्य ज्यासाठी तिची रचना झालीच नव्हती अशा कामांत गेलं. हे मनात ठेवून पुढे चला.

पायरी २: वजनाचा जमाखर्च मांडा

युद्धनौकेची रचना म्हणजे घरखर्चाचं अंदाजपत्रक. एकूण वजन ठरलेलं, त्यातून चिलखत, तोफा, इंजिनं आणि कोळसा भागवायचा. एकीकडे वाढवलं की दुसरीकडे काटकसर.

मॅजेस्टिकचं वजन जवळजवळ १५,००० टन, कॅनोपसचं सुमारे १३,०००. (तक्त्यांत साधं आणि पूर्ण भरलेलं अशी दोन वजनं असतात. कोणतं लिहिलंय ते तपासल्याशिवाय तुलना करू नका.) तोफा दोघींच्या सारख्याच: चार १२ इंची, बारा ६ इंची. वेग कॅनोपसचा जास्त. मग कात्री कुठे लागली? चिलखतात. मॅजेस्टिकच्या कमरेला ९ इंचांचा पोलादी पट्टा होता, कॅनोपसचा ६ इंचांचा.

हे हाताने करून बघा. पोलादाचं वजन घनमीटरला ७.८५ टन. ९ इंच म्हणजे ०.२२८६ मीटर, तेव्हा चिलखताच्या एका चौरस मीटरचं वजन १.७९ टन. ६ इंचांचं येतं १.२० टन. प्रत्येक चौरस मीटरमागे जवळपास ६०० किलो वाचले. जहाजाच्या दोन्ही अंगांना शेकडो चौरस मीटर पट्टा असतो, म्हणजे बचत शेकडो टनांची.

पण ६ इंच म्हणजे ९ इंचांच्या दोन तृतीयांशच संरक्षण, असा निष्कर्ष घाईचा होईल. मॅजेस्टिकचं चिलखत हार्वी पद्धतीचं होतं. कॅनोपसला जर्मनीच्या क्रुप पद्धतीचं नवं, जास्त कणखर पोलाद मिळालं, ब्रिटिश युद्धनौकांत पहिल्यांदाच. ढोबळ हिशेबाने क्रुपचं पोलाद हार्वीच्या सव्वापट धरा. म्हणजे कॅनोपसचे ६ इंच हार्वीच्या साडेसात इंचांच्या बरोबरीचे. तरीही ते ९ पेक्षा कमीच. व्हाइटने नव्या पोलादाच्या जोरावर जोखीम कमी केली, पण पूर्ण भरून काढली नाही, आणि माझ्या मते पूर्वेच्या समुद्रात ज्या जहाजांशी गाठ पडणार होती ती पाहता त्याचा निर्णय बरोबर होता.

जमाखर्चात एक गमतीदार ओळही सापडते. फ्रेंच आपल्या जहाजांवर उंचावरून गोळे टाकणाऱ्या हॉवित्झर तोफा बसवणार अशी वार्ता होती. म्हणून कॅनोपसला एक जादा चिलखती डेक दिला गेला. फ्रेंचांनी त्या तोफा बसवल्याच नाहीत. शत्रूबद्दलच्या अफवाही टनांत मोजाव्या लागतात, हे मला इथे कळलं.

पायरी ३: बॉयलरखोलीत उतरा

बहुतेक अभ्यासक तोफांपाशी रमतात. माझा आग्रह असा की आधी बॉयलर बघा, कारण कॅनोपसची सगळी कहाणी तिथे आहे.

जुन्या बॉयलरमध्ये नळ्यांतून गरम धूर जायचा आणि भोवती पाणी असायचं. कॅनोपसमध्ये उलटं: नळ्यांत पाणी आणि भोवती आग. अशा बॉयलरला वाफ लवकर धरता येते आणि जास्त दाब पेलतो. तिच्यात बेलव्हिल जातीचे २० बॉयलर होते. ब्रिटनच्या युद्धनौकांमध्ये या जातीचे बॉयलर घेणारा हा पहिला वर्ग. १३,५०० अश्वशक्ती आणि १८ नॉट वेग त्यांतूनच आला. शेजारी-शेजारी असणारी धुराडी मॅजेस्टिकची खूण. कॅनोपसची दोन धुराडी एकामागे एक. जुन्या फोटोत दोघींना वेगळं ओळखायचं असेल तर एवढंच बघा.

पण अशा बॉयलरना चोख देखभाल लागते. पाणी शुद्ध हवं, गळती नको, आणि आग पेटवणारी माणसं सरावलेली हवीत. म्हणून तक्त्यातल्या वेगाशेजारी वहीत आणखी तीन रकाने आखा: चाचणीच्या दिवशीचा वेग, त्या महिन्यातला वेग, आणि त्या महिन्यातला वेग सांगणारं माणूस कोण. तिसरा रकाना बहुतेक जण आखत नाहीत. सहाव्या पायरीत तोच कामाला येणार आहे.

पायरी ४: तोफांचं वजन करा, मग तोफांची उंची मोजा

एका बाजूने एका वेळी किती वजनाचे गोळे सुटतात ते काढणं सोपं. कॅनोपसचा १२ इंची गोळा ८५० पौंडांचा, म्हणजे सुमारे ३८५ किलो. चार तोफांचे मिळून १,५४० किलो. तिच्या भावी शत्रूची, जर्मन चिलखती क्रूझर (युद्धनौकेहून हलकं पण वेगवान लढाऊ जहाज) शार्नहॉर्स्टची, २१ सेंटिमीटरची तोफ १०८ किलोचा गोळा टाकायची आणि एका बाजूला सहा तोफा चालायच्या: ६४८ किलो. कागदावर कॅनोपस दुपटीहून भारी.

आता दुसरी बाजू. कॅनोपसच्या मोठ्या तोफांची नळी जेमतेम साडेतेरा अंश वर उचलली जायची, म्हणजे पल्ला आखूड. त्या १८९० च्या दशकातल्या, आणि शार्नहॉर्स्टच्या तोफा दहा वर्षांनी नव्या. जर्मन जहाजाचा वेग २२ नॉटच्या पुढे, तेव्हा किती अंतरावरून लढायचं हे तेच ठरवणार. शिवाय कॅनोपसच्या बारा मध्यम तोफांपैकी आठ खालच्या डेकवर होत्या, पाण्याला इतक्या जवळ की खवळलेल्या समुद्रात त्यांच्या खिडक्यांतून लाटा आत येणार. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला समुद्र शांत असतो तरी कधी? तोफ किती इंची आहे याआधी ती पाण्यापासून किती उंच आहे हे बघायची सवय लावून घ्या.

पायरी ५: वय आणि माणसं

हे थोडक्यात. ऑगस्ट १९१४ मध्ये कॅनोपस जवळजवळ पंधरा वर्षांची होती, राखीव ताफ्यात पडून होती, आणि लवकरच भंगारात जायची होती. पहिलं महायुद्ध पेटल्यावर राखीव खलाशी भरून तिला घाईने समुद्रात उतरवलं. समोरचा जर्मन ताफा तोफखान्याच्या सरावात अव्वल गणलेला, माणसं एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखणारी. तक्त्यात यासाठी रकाना नसतो. तुम्ही आखा.

पायरी ६: नकाशावर दोरा लावा

इथे घाई करू नका. लॉगबुकं, म्हणजे जहाजांच्या रोजनिशा, मिळाली तर उत्तम. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात नौदलाच्या लॉगबुकांची मालिका एडीएम ५३ या क्रमांकाने आहे, आणि पहिल्या महायुद्धातल्या अनेक जहाजांची पानं स्वयंसेवकांनी उतरवून सर्वांसाठी खुली केली आहेत. लॉगबुकात रोज दुपारचे अक्षांश-रेखांश असतात. ते बिंदू नकाशावर मांडा आणि दोरा ताणा.

पार्श्वभूमी अशी. अ‍ॅडमिरल फोन स्पे याचा जर्मन ताफा पॅसिफिक ओलांडून दक्षिण अमेरिकेकडे येत होता. त्याला शोधायला रिअर अ‍ॅडमिरल सर ख्रिस्तोफर क्रॅडॉक. त्याच्याकडे गुड होप आणि मॉनमथ ही जुनी क्रूझर, ग्लासगो ही नवी हलकी क्रूझर आणि ओट्रँटो हे तोफा बसवलेलं प्रवासी जहाज. त्याच्या मदतीला लंडनच्या हुकमाने कॅनोपस धाडली.

१८ ऑक्टोबर १९१४ च्या सुमाराला कळलं की कॅनोपस १२ नॉटच्या पुढे जाऊ शकत नाही. क्रॅडॉकने लंडनला कळवलं की तिच्यामुळे आपल्या ताफ्याचा वेग १२ नॉटच्या वर जाणार नाही. २२ ऑक्टोबरला त्याने दक्षिण अटलांटिकमधली फॉकलंड बेटं सोडली आणि कॅनोपसला कोळशाची जहाजं सांभाळत मागून यायला सांगितलं. १२ नॉटचं ओझं घेऊन २२ नॉटच्या शत्रूला शोधता येणार नाही, हा त्याचा हिशेब.

ही १२ नॉटची माहिती आली होती जहाजाच्या मुख्य इंजिनिअरकडून. कॅनोपस निघाल्यावर त्याच्या हाताखालच्या इंजिनिअरने कप्तान हीथकोट ग्रँट याला सांगितलं की यंत्रं ठीक आहेत आणि १६ नॉटच्या वर वेग निघू शकतो. मुख्य इंजिनिअरचं मानसिक आरोग्य ढासळलेलं होतं. यंत्रांची अवस्था तो आहे त्यापेक्षा कितीतरी वाईट सांगत होता. कप्तानाने ही गोष्ट क्रॅडॉकला कळवली नाही.

१ नोव्हेंबरच्या संध्याकाळी चिलीच्या किनाऱ्याजवळ कोरोनेलपाशी लढाई झाली. गुड होप आणि मॉनमथ सर्व माणसांसह बुडाल्या. खवळलेल्या समुद्रात त्यांच्या खालच्या डेकवरच्या तोफा जवळपास निकामी झाल्या होत्या. चौथी पायरी आठवा.

आता कॅल्क्युलेटर घ्या. लढाईच्या वेळी कॅनोपस सुमारे २५० सागरी मैल दक्षिणेला होती. १२ नॉटने २१ तास, साडेसोळा नॉटने १५ तास. म्हणजे त्या संध्याकाळी वेग कितीही असता तरी ती पोचली नसतीच. "वेळेवर धावत गेली असती तर" हे वाक्य अनेक ठिकाणी वाचायला मिळतं. दोरा लावला की ते गळून पडतं.

खरा प्रश्न दहा दिवस आधीचा. २२ ऑक्टोबरला क्रॅडॉकच्या हाती १६ हा आकडा असता, तर तिला कोळशाच्या जहाजांमागे ठेवण्याचं कारणच उरलं नसतं. ती त्याच्यासोबत असती तर स्पे जिंकला नसता असं मी म्हणणार नाही. वेगाच्या जोरावर तो तिच्यापासून दूर राहू शकला असता. पण दूर राहणारा शत्रू गुड होपलाही गाठत नाही. चर्चिल तेव्हा नौदलमंत्री होता; त्याचं म्हणणं हेच होतं की कॅनोपस हा बालेकिल्ला आहे, तिच्या आसऱ्याला राहिलात तर धोका नाही. किल्ला आपल्या सोबत चालू शकत नाही असं ज्याला सांगितलं गेलं होतं, त्या क्रॅडॉकचा एकट्याचा दोष मला तरी दिसत नाही.

तिसरा रकाना आता भरा. १२ नॉट: सांगणारा, एक आजारी माणूस. कुणाला रागाने बोलावंसं वाटत नाही. उष्ण इंजिनखोलीत, म्हाताऱ्या यंत्रांच्या जबाबदारीखाली तो मोडला होता, आणि त्या काळी हा आजार ओळखण्याची रीत नव्हती.

पायरी ७: ज्या जागी जहाज उभं होतं, तिथे स्वतः उभं राहून बघा

कॅनोपस फॉकलंडला परतली आणि आता तिला विलक्षण हुकूम मिळाला: पोर्ट स्टॅन्लीच्या बंदरात शिरून चिखलात टेका आणि बेटाचं रक्षण करा. तिला मुद्दाम रुतवलं. डोलकाठ्यांचे वरचे भाग उतरवले. मागच्या टेकड्यांत मिसळून जावं म्हणून अंगावर रंगाचे पट्टे ओढले. लहान तोफा आणि नौसैनिक किनाऱ्यावर उतरवून मोर्चे बांधले.

बंदर आणि मोकळा समुद्र यांच्यामध्ये जमिनीची एक सखल पट्टी आहे. जहाजावरून शत्रू दिसणार नाही, पण तोफेचा गोळा पट्टीवरून पलीकडे जाईल. मग नेम धरायचा कसा? सॅपर हिल या टेकडीवर टेहळणीची चौकी बसवली आणि तिथून जहाजापर्यंत टेलिफोनची तार ओढली. टेकडीवरचा माणूस बघणार, तार सांगणार, चिखलातली तोफ डागणार.

टेकडीचा फायदा किती हे मोजता येतं. क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये हवं असेल तर उंचीच्या (मीटर) वर्गमुळाला ३.५७ ने गुणा. जहाजाच्या पुलावर (जिथून कप्तान जहाज हाकतो), पाण्यापासून १० मीटरवर उभं राहिलं तर क्षितिज ११ किलोमीटरवर. टेकडी सव्वाशे मीटर धरा: ४० किलोमीटर. शिवाय चिखलात रुतलेलं जहाज हेलकावत नाही, म्हणजे जुन्या तोफांचा मोठा शत्रूच गेला. वेग, जो तिचा कमजोर दुवा ठरला होता, त्याची इथे गरजच नव्हती. पायरी १ मध्ये लिहिलेला प्रश्न परत वाचा: ही नौका कशासाठी बांधली होती? आणि आता ती काय करते आहे?

७ डिसेंबरला व्हाइस अ‍ॅडमिरल स्टर्डी इन्व्हिन्सिबल आणि इन्फ्लेक्सिबल या दोन मोठ्या बॅटलक्रूझर (युद्धनौकेसारख्या तोफांची, पण क्रूझरसारखी वेगवान जहाजं) घेऊन बंदरात आला आणि कोळसा भरायला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आधीच टेकडीवरून खबर आली: धूर दिसतोय, युद्धनौका येत आहेत. कॅनोपस आत, जमिनीच्या आड. तिचे इशारे स्टर्डीच्या जहाजाला थेट दिसेनात. ग्लासगोने मध्ये राहून निरोप पोचवला आणि लक्ष वेधायला तोफेचा बार काढला. कोळशाच्या धुळीने माखलेले खलाशी वाफ धरायला धावले. वाफ धरायला वेळ लागतो, आणि तो वेळ कुणीतरी मिळवून द्यायला हवा होता.

सव्वानऊ वाजून गेल्यावर कॅनोपसने तोफा डागल्या. अंतर दहा किलोमीटरहून जास्त. पहिले गोळे अलीकडे पडले. पुढच्या वेळी मागच्या बुरुजातून (तोफांच्या फिरत्या चिलखती घरातून) सुटलेला एक गोळा पाण्यावर आपटून उसळला आणि नायसेनाऊ या जर्मन क्रूझरच्या धुराड्याच्या बुंध्याला लागला. याची हकीकत अशी सांगतात. त्या सकाळी सरावाचा नेमबाजीचा कार्यक्रम ठरला होता, आणि पुढच्या बुरुजावर मात करायची म्हणून मागच्या बुरुजातल्या गड्यांनी रात्रीच सरावाचे, दारू नसलेले गोळे तोफेत भरून ठेवले होते. खरी लढाई समोर आली तेव्हा ते काढायला वेळ नव्हता. दारूचा गोळा पाण्यावरच फुटला असता. दारू नसलेला हा गोळा सपाट दगडासारखा उसळला.

जर्मन जहाजं मागे वळली. स्टर्डीला हवा तो वेळ मिळाला. संध्याकाळपर्यंत शार्नहॉर्स्ट, नायसेनाऊ, न्यूर्नबर्ग आणि लाइपझिग बुडाल्या. ड्रेस्डेन तेवढी निसटली. स्पे आणि त्याचे दोन मुलगेही गेले. पाठलागात कॅनोपस नव्हती. ती चिखलातच होती.

पायरी ८: लहानसहान कामांची नोंद टाळू नका

मोठ्या लढाईनंतर अभ्यासकाचं लक्ष उडतं आणि जहाजाचं उरलेलं आयुष्य दोन ओळींत गुंडाळलं जातं. कॅनोपसच्या बाबतीत ते अन्यायाचं होईल.

१९१५ च्या सुरुवातीला तिला तुर्कस्तानातल्या दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीत बोलावलं. मार्चमध्ये तिने तुर्की किल्ल्यांवर मारा केला. १८ मार्चच्या मोठ्या हल्ल्यात तिची बहीण ओशन बुडाली आणि इन्फ्लेक्सिबल पाणसुरुंगाने जखमी झाली. एप्रिलमध्ये इन्फ्लेक्सिबल माल्टाकडे निघाली तेव्हा सोबत कॅनोपस होती, आणि प्रवासाच्या शेवटच्या तासांत तिने त्या बॅटलक्रूझरला उलट्या बाजूने ओढत बंदरात नेलं. फॉकलंडला जिच्यासाठी तिने वेळ मिळवून दिला होता, तीच ही इन्फ्लेक्सिबल.

२५ एप्रिलला या सामुद्रधुनीच्या काठच्या गलिपोलीवर ब्रिटिश बाजूचं सैन्य उतरलं, तेव्हा कॅनोपस बुलायरच्या किनाऱ्यासमोर होती. तिथे उतरायचं नव्हतंच. उतरणार असा देखावा करून तुर्की सैन्य तिकडे अडकवून ठेवायचं होतं. १३ मेच्या पहाटे बहीण गोलायथ तुर्की पाणतीरांनी बुडाली, ५७० माणसं गेली. २२-२३ मेच्या रात्री तिसरी बहीण अल्बियन गाबा टेपेजवळ वाळूत रुतली आणि उजाडल्यावर तिच्यावर तोफांचा वर्षाव सुरू झाला. कॅनोपसने माऱ्यात जवळ जाऊन दोर लावले आणि तिला ओढून काढलं. नंतरच्या चार दिवसांत त्याच पाण्यात एका जर्मन पाणबुडीने ट्रायम्फ आणि मॅजेस्टिक बुडवल्या.

ओढणे, टेकणे, सोबत करणे, देखावा करणे. वहीत या कामांसाठी वेगळं पान ठेवा. जुन्या जहाजांनी युद्धात जे केलं त्यातलं बरंचसं इथेच सापडतं.

पायरी ९: शेवटची तारीख

एप्रिल १९१६ मध्ये कॅनोपस चॅटमला परतली आणि तिच्यावरची माणसं काढून पाणबुड्यांशी लढणाऱ्या लहान जहाजांवर पाठवली गेली. १९१८ मध्ये ती खलाशांच्या राहण्याची सोय म्हणून वापरली जात होती. १८ फेब्रुवारी १९२० ला ती भंगारात विकली गेली आणि डोव्हरला तोडली गेली.

हीच पद्धत तुम्हाला स्वतः करून बघायची असेल तर तिची बहीण ओशन घ्या, कारण तिचा धागा आपल्या किनाऱ्याशी जुळतो. १६ ऑक्टोबर १९१४ रोजी मुंबईहून निघालेल्या हिंदी सैन्याच्या एका ब्रिगेडला इराणच्या आखातात नेताना तिच्या संरक्षणाला ओशन होती. तिथून बसराच्या मोहिमेची सुरुवात झाली, आणि पाच महिन्यांनी ओशन दार्दानेल्सच्या तळाशी गेली. मुंबई ते बहरीन दोरा लावा, सैन्याच्या जहाजांचा वेग १० नॉट धरा, आणि किती दिवस लागले असतील ते आधी स्वतः काढा. मगच तारखा बघा.